भांडवल देयता बाजूला का?

प्रश्न : मी अकरावी वाणिज्य शाखेत शिकते. मालकाने स्वतःच्या खिशातून घातलेले भांडवल ताळेबंदात देयता बाजूला का दाखवतात? ते तर त्याचेच पैसे असतात ना?

उत्तर : पैसे मालकाचे आहेत, म्हणूनच ते दुकानाचे देणे ठरतात. हिशेबाच्या वह्या मालकाच्या नसून व्यवसायाच्या असतात आणि लेखाकर्मात व्यवसायाला मालकापासून वेगळे अस्तित्व मानले जाते. एका मालकाच्या धंद्याबाबत कायदा मात्र तसे मानत नाही. एकल मालकीच्या दुकानाचे कर्ज थकले, तर मालकाच्या खाजगी मालमत्तेतूनही ते वसूल होऊ शकते. हा फरक पाठ्यपुस्तक वाचताना हमखास निसटतो.

समजा, वह्या-पुस्तकांच्या दुकानात मालकाने ५०,००० रुपये घातले, बँकेकडून २०,००० घेतले, २५,००० चे फर्निचर व ३०,००० चा माल रोखीने घेतला आणि गल्ल्यात १५,००० उरले. एका बाजूला मालमत्ता ७०,०००, दुसऱ्या बाजूला ती कोणाच्या पैशांतून आली याचा तितकाच हिशेब. आता मालकाने घरच्या किराण्यासाठी गल्ल्यातून २,००० काढले, तर तो दुकानाचा खर्च होत नाही, ती उचल होय. रोकड १३,००० वर आणि भांडवल ४८,००० वर येते, दोन्ही बेरजा ६८,००० होतात. हीच उचल खर्चात धरली, तर नफा विनाकारण कमी दिसेल आणि धंदा खरोखर कसा चालला आहे हे मालकालाच कळणार नाही. नफा मात्र भांडवलात मिळवतात, कारण तोही मालकालाच देय असतो.