पाणी म्हणेल तेव्हा निघायचं : वाचकांचे प्रश्न आणि आठवणी

मागच्या अंकात विचारलं होतं की नदी, खाडी, तलाव, कालवा, असल्या आतल्या पाण्यावर कधी बोटीतून सुट्टी घालवलीय का, किंवा घालवायचीय का. पत्रं आली, ईमेल आले, व्हॉट्सअ‍ॅपवर तर लोकांनी व्हॉइस मेसेज पाठवले. सगळं छापणं शक्य नाही, काही निवडलेत.

मुलुंडहून एक वाचक : ताई, दिवाळीत सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे केरळला चाललोय. अलेप्पीची हाउसबोट एक रात्र घ्यावी की दोन? ऑफिसातली एक मैत्रीण म्हणते एका रात्रीत काही होत नाही, दुसरी म्हणते दुसऱ्या दिवशी मुलं कंटाळतात. दोन रात्री बजेटला जडच जातायत.

एकच घ्या, आणि वाचलेल्या पैशातून दुसऱ्या दिवशी छोटी होडी करा. कारण सांगते. हाउसबोटवर साधारण दुपारी बाराच्या सुमारास चढवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास उतरवतात, पण त्यातला चालायचा वेळ म्हणाल तर संध्याकाळी साडेपाचपर्यंतचाच, आणि मधे जेवणासाठीही बांधतात. साडेपाचनंतर बोट काठालाच. यावर इतके लोक चिडतात, फसवलं म्हणतात, पण फसवणूक नाहीये हो ती, रात्री त्या पाण्यात मासेमारांची जाळी लागतात, आणि त्यांच्या पोटापुढे आपली सफर थांबलीच पाहिजे, मला तर हा नियम फार योग्य वाटतो. म्हणजे दोन रात्री घेतल्या तरी दोन्ही रात्री बोट उभीच राहणार.

दुसरं असं की हाउसबोट मोठी असते, ती रुंद पाण्यातूनच जाते, वेंबनाड तलाव आणि मोठे कालवे. खरं कुट्टनाड, म्हणजे अलेप्पीभोवतालचा हा पाण्याचा मुलूख, बघायचं तर आतल्या अरुंद कालव्यांत शिरायला हवं, जिथे एका बाजूला कोणी भांडी घासतंय, शाळेतली पोरं होडीची वाट बघतायत, आणि पलीकडे भाताचं शेत आपल्या होडीपेक्षा खाली दिसतं! तिथली शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत, बांध घालून आणि पंपाने पाणी उपसून भात घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, म्हणजे एफएओने, 2013 मध्ये या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान दिला. मुलांना हे आधी सांगून ठेवा, मग बघा कंटाळतात का. सकाळी सातला निघालात तर ऊनही नसतं.

आणि अजून एक, तिथल्या सरकारी जलवाहतूक खात्याची साधी प्रवासी बोट अलप्पुळा (म्हणजे अलेप्पीच) ते कोट्टायम जाते, अडीच तासांच्या आसपास, तिकीट अगदी किरकोळ. आपण लोकलने जातो तसे लोक तिने कामाला जातात. सासूबाईंना त्यात जास्त मजा येईल असा माझा अंदाज, गप्पा मारायला माणसं असतात ना, भाषेचं बघता येतं.

बोटीवर चढल्यावर ती जरा निरखून बघा. जुन्या घडणीची बोट म्हणजे केट्टुवळ्ळम, अंजिली नावाच्या झाडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा नाही, आणि वरून काजूच्या टरफलांचं काळं रोगण. पूर्वी त्यातून तांदूळ, मसाले जायचे. रस्ते झाले, माल ट्रकवर गेला, बोटी मोडीत निघायला लागल्या आणि मग त्यांच्यावर खोल्या चढवून पर्यटन सुरू झालं. आताच्या सगळ्याच बोटी तशा शिवलेल्या नसतात, पण काही अजून आहेत.

आता बुकिंगच्या वेळी काय विचारायचं : एसी पूर्ण वेळ की फक्त रात्री (बऱ्याच स्वस्त पॅकेजमध्ये फक्त रात्री असतो, आणि दुपारी दोनला सासरे विचारतात तेव्हा आपली पंचाईत होते), जेवण शाकाहारी हवं असेल तर ते आधी, आणि चढायला फळी आहे की सरळ धक्का आहे ते, गुडघे दुखणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं. दिवाळीच्या दिवसांत तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, दुपारनंतर गडगडाटासकट येऊ शकतो, छत्र्या घ्या. एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) नेत्रावती एक्स्प्रेस अलप्पुळाला थेट जाते, पण ट्रेनने पोचायच्या त्याच दिवशी बोट घेऊ नका, गाडी लेट झाली तर चालायचे तासच बुडतात.

गिरगावातून एक आजोबा : माझं वय 82. आमच्या लहानपणी मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने दाभोळला जायचो आणि तिथून लहान लाँचमधून खाडीने आत. कधी ओहोटी लागायची आणि लाँच गाळात बसायची, मग भरती येईस्तोवर सगळे तिथेच. आई डब्यातले दडपे पोहे काढायची, कोणीतरी फणस फोडायचं, अनोळखी माणसं एकत्र जेवायची. तांडेल बिडी ओढत म्हणायचा, पाणी येईल तेव्हा जाऊ. नातू बारा वर्षांचा आहे. त्याला यातलं काही दाखवता येईल का?

आजोबा, तुमचं पत्र आमच्या ऑफिसात मोठ्याने वाचलं. ती मुंबईची बोट आता नाही, आणि आतली लाँचसुद्धा रस्ते आणि एसटी आल्यावर गेली, ती काही परत आणता येणार नाही. पण दाभोळची खाडी तिथेच आहे आणि ओलांडताही येते. दाभोळ ते धोपावे फेरीबोट आहे, तिकडचे लोक जंगलजेटी म्हणतात, गाड्या, एसटी, म्हशी, वरात, सगळं घेऊन जाते. दापोलीकडून गुहागरला चिपळूणचा वळसा न घालता दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. तशाच बाणकोट खाडीवर वेश्वी-बागमांडला, राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा-दिघी, जयगडच्या खाडीवर तवसाळ-जयगड. नातवाला घेऊन रेवदंड्याकडून खाली खाली या फेऱ्या करत गेलात ना, तर एकामागून एक खाडी पार करत गुहागरच्या पुढे जाल, आणि माझ्या मते आजच्या मुंबईकराला परवडणारी ही सगळ्यात सुंदर बोटसुट्टी आहे. कोणी तशी जाहिरात करत नाही म्हणून लोकांना कळत नाही एवढंच.

आणि नातवाला भरतीचं गणित शिकवाच, तुम्हाला येत असणार. तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, तर मुंबईला पावणेचारच्या सुमारास भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. पुनवेला-अवसेला बाराच्या आसपास आणि तेव्हा उधाण. वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं. दाभोळकडे मुंबईपेक्षा थोडी आधी येते. मोबाइलवर तक्ते मिळतात हे खरं, पण कालनिर्णय बघून आजोबा वेळ सांगतायत आणि तासाभराच्या फरकाने का होईना पाणी चढतंय हे पोराने डोळ्याने बघणं वेगळं.

अजून एक त्याला दाखवा. चिपळूणजवळ वाशिष्ठीला भर मे महिन्यातही पाणी दिसेल, कोकणातल्या बाकीच्या नद्या तेव्हा आटलेल्या असतात. का, तर कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने खाली आणून पोफळीला वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. घाटावरचा पाऊस असा कोकणातून समुद्राला जातो. खालच्या अंगाला मगरीही आहेत, होडीवाले लांबून दाखवतात, हात बाहेर काढायचे नाहीत.

ठाण्याहून एक वाचक : तापोळ्याला एप्रिल-मे मध्ये जावं का? फोटो फार छान दिसतात.

फोटो बहुतेक पावसाळ्यानंतरचे असतात. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचंच पाणी, ऑक्टोबरात काठोकाठ, मे पर्यंत खूप खाली जातं आणि काठाला लाल मातीचे उघडे पट्टे पडतात, धक्क्यापासून होडीपर्यंत चिखलातून चालावं लागतं. नोव्हेंबर ते जानेवारी जा. बामणोलीहून होडीने पलीकडे जाऊन वासोटा किल्ला करायचा असेल तर वनखात्याची परवानगी लागते, अंधारापूर्वी परतावंच लागतं, म्हणून सकाळची पहिली होडी पकडा.

बोरिवलीहून एक जोडपं : मुलगा बर्मिंगहॅमला असतो. त्याने आमच्यासाठी तिकडच्या कालव्यावर आठवडाभर नॅरोबोट बुक केलीय, म्हणतो बोट आपणच चालवायची आणि लायसन्स लागत नाही! आम्ही दोघंही साठीच्या पुढे. हे खरं आहे का? आणि आम्हाला जमेल का?

खरं आहे, आणि जमेल. भाड्याच्या बोटीला लायसन्स लागत नाही, निघायच्या आधी ते लोक शिकवतात. वेगाची मर्यादाच ताशी 4 मैल आहे, म्हणजे आपण झपझप चालतो तेवढी, आणि काठाने बाजूला पायवाट असते जिच्यावरून पूर्वी घोडे दोरीने बोट ओढत चालायचे. त्यामुळे कंटाळा आला तर काकांनी उतरून बोटीच्या बरोबरीने चालत जावं. बोट रुंदीला सात फुटांच्याही आत असते, कारण तिथली बरीचशी लॉकच (बोट वर-खाली करणारे हौद, पुढे सांगते) सात फुटी बांधलेली आहेत. हे कालवे मालासाठी खोदले, 1761 साली ब्रिजवॉटर कालव्यातून मँचेस्टरला कोळसा यायला लागला आणि कोळशाचा भाव निम्म्यावर आला म्हणतात, मग सगळीकडे कालवेच कालवे झाले. पुढे रेल्वे आली.

सुकाणूचं एवढंच लक्षात ठेवा की दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे जातं. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे राहायचं, आपल्या रस्त्याच्या उलट.

आता लॉक. काकू, हे नीट वाचा, कारण हे काम बहुधा तुमच्याकडे येईल. चढावर पाणी नेता येत नाही म्हणून मधे हौदासारखी खोली बांधलेली असते, दोन्ही टोकांना दारं. वर जायचं तर बोट खालच्या दारातून आत घ्यायची, दार लावायचं, मग हँडल फिरवून वरच्या झडपा हळूहळू उघडायच्या, वरचं पाणी आत येतं आणि बोट लिफ्टसारखी वर उचलली जाते. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की दार पाठीने ढकललं तरी उघडतं, त्याआधी चार माणसांनी ढकलून हलणार नाही. घाई करून उपयोगच नाही. खाली उतरताना मात्र एक धोका खरा असतो : वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो, पाणी उतरलं आणि बोटीची मागची बाजू त्यावर टेकली तर बोट पुढे कलते. काठावर पांढरी खूण असते, बोट कायम तिच्या पुढे ठेवायची. मुलाला हे दहा वेळा सांगा.

दिवसाला किती अंतर होईल हे मैलात मोजू नका, मैल आणि लॉक यांची बेरीज करा आणि तिला तीनने भागा, तेवढे तास. सहा मैल आणि सहा लॉक म्हणजे चार तास. अंधारात चालवायची नाही, संध्याकाळी काठाला बांधून टाकायची.

स्वयंपाकघर असतं, गॅस असतो, तेव्हा काकूंनी पोहे, मेतकूट, थालीपिठाची भाजणी घेऊन जावी. पाण्याची टाकी मधेमधे भरावी लागते, सकाळी सगळ्यांनी भरपूर आंघोळी केल्या तर संध्याकाळी भांडी राहतात. साडी नको, सलवार किंवा पँट आणि न घसरणारे सपाट बूट. मुलगा वेल्सकडचा लँगोलेन कालवा म्हणत असेल तर नक्की हो म्हणा, तिथे पोंटकसिल्टे नावाचा पूल आहे, 1805 चा, नदीवरून 38 मीटर उंच, आणि त्यावरून कालवाच जातो. एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला बोटीच्या काठापलीकडे काहीच नाही, सरळ दरी. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी आत बसावं, बाकीच्यांनी नाळीवर.

चेंबूरहून एक वाचक : मला पोहता येत नाही. होडीत बसलं की छातीत धडधडतं, घरचे हसतात. काय करू?

घरच्यांनी हसू नये. भीती रास्त आहे. केरळात थेक्कडीला 2009 मध्ये तलावात बोट उलटून 45 माणसं गेली, तिकडेच ताणूरला 2023 मध्ये 22. थेक्कडीला लोक एका बाजूला गोळा झाले होते असं सांगतात, ताणूरला बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अंधार पडला होता. म्हणून लाइफ जॅकेट मिळालं तरच बसायचं आणि ते मांडीवर ठेवायचं नाही, बक्कल लावून घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. माणसं जास्त दिसली तर पुढच्या फेरीला थांबा, कोणी काही म्हणो. काही दिसलं की सगळ्यांनी एका कडेला धावायचं नाही. आणि होडीवाला आज वारा आहे, नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, पैसे वाढवून तर अजिबात नाही. एवढं सगळं पाळणाऱ्या होडीत बसा, धडधड आपोआप कमी होईल.

लालबागहून एक वाचक : आम्हाला फक्त रविवार मिळतो. मुंबईच्या मुंबईत काही?

आहे की. मार्वे-मनोरी किंवा वर्सोवा-मढ ही पाच-दहा मिनिटांचीच फेरी आहे, पण लहान मुलांना तेवढी पुरते. थोडा वेळ असेल तर भाईंदरहून वसईची रो-रो (गाड्याही नेणारी फेरीबोट) घ्या, 2024 मध्ये सुरू झाली, पलीकडे उतरलं की वसईचा किल्ला जवळच, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेतलेला. लोकलने जाताना भाईंदर-नायगावच्या मधे पुलावरून जे पाणजू बेट दिसतं ना, तिथल्या लोकांचा तर रोजचा प्रवास होडीचा, ते दाखवा मुलांना. भरती-ओहोटीप्रमाणे आणि पावसाळ्यात वेळा बदलतात, निघायच्या आधी चौकशी करा, आणि रविवारी संध्याकाळी परतीला मोठी रांग लागते तेव्हा चारच्या आत जेटीवर या.