वाचकांचे प्रश्न : जनुक, गुणसूत्र आणि वारसा

प्रश्न : मी अकरावीत विज्ञान शाखेत शिकते. डीएनए, जनुक आणि गुणसूत्र यांच्या व्याख्या पाठ आहेत, तरी तिन्ही एकच वाटतात. नेमका फरक कसा लक्षात ठेवावा? (एक विद्यार्थिनी, कोथरूड)

उत्तर : तिन्ही व्याख्या एकाच पदार्थाविषयी आहेत, त्यामुळे हा घोटाळा स्वाभाविक आहे. डीएनए हा रेणू आहे. त्याच्या दोन साखळ्यांवर ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन हे चार बेस, म्हणजे रासायनिक घटक, ओळीने असतात आणि ॲडेनिनसमोर थायमिन, तर ग्वानिनसमोर सायटोसिन येते. मानवी पेशीच्या केंद्रकात असे 46 अतिशय लांब रेणू असतात, 23 आईकडून आलेले आणि 23 वडिलांकडून आलेले. प्रथिनांभोवती गुंडाळलेला असा एकेक रेणू म्हणजे एकेक गुणसूत्र. त्या रेणूचा जो भाग वाचून पेशी बहुधा एखादे प्रथिन तयार करते, तो भाग म्हणजे जनुक. माणसात प्रथिनांची सुमारे 20,000 जनुके आहेत, पण प्रत्यक्ष प्रथिनांचा संकेत असलेला मजकूर एकूण डीएनएच्या 2 टक्क्यांहूनही कमी आहे.

माझ्या मते व्याख्या घोकण्यापेक्षा एकच जनुक नीट समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचे जनुक आहे आणि त्यावरून हिमोग्लोबिनचा एक घटक बनतो. त्यातील सहाव्या अमिनो आम्लाचा (अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनाचे घटक) ‘जीएजी’, म्हणजे ग्वानिन-ॲडेनिन-ग्वानिन, हा संकेत ‘जीटीजी’ झाला, म्हणजे केवळ एक बेस बदलला, की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. नंदुरबार आणि गडचिरोलीकडील आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेल आजार तो हाच.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया मेजर आहे. आई आणि बाबा दोघेही थॅलेसेमिया मायनर आहेत. चारपैकी एका मुलाला आजार होतो, असे वर्गात शिकवले. मग तो वाटा भावाच्या रूपाने संपला, असे समजायचे का? आणि मी निरोगी आहे, तर माझ्यात हा दोष असेल का? (बारावीचा विद्यार्थी, पिंपरी)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. हा आजारही त्याच बीटा ग्लोबिन जनुकाचा आहे. फरक असा की येथे प्रथिनाचा आकार बदलत नाही, तर ते फार कमी बनते किंवा बनतच नाही. त्याला कारणीभूत असे 200 हून अधिक निरनिराळे बदल आजवर माहीत आहेत. तुमच्या आईवडिलांकडे प्रत्येकी एक चांगली आणि एक सदोष प्रत आहे, म्हणजे ते मायनर अथवा वाहक आहेत. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी कोणती प्रत पुढे जाणार हे नव्याने ठरते आणि आधीच्या अपत्याला काय मिळाले याचा पुढच्या अपत्याशी काहीही संबंध नसतो. म्हणून दोघांकडूनही सदोष प्रत येऊन मेजर होण्याची शक्यता प्रत्येक वेळी 25 टक्केच राहते. अशा जोडप्याची चारही मुले आजारातून सुटण्याची शक्यता सुमारे 32 टक्के आहे.

आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलचे 3:1 हे गुणोत्तर पुस्तकात इतके नेटके दिसते की ते प्रत्येक घराला लागू पडेल असे वाटते. परंतु 1866 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात वाटाण्याच्या 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेल्या बिया मोजलेल्या आहेत. त्या मोठ्या संख्येमुळे गुणोत्तर 2.96:1 इतके जवळ आले. दोन-तीन भावंडांत ते शोधू नये.

दुसऱ्या प्रश्नात विद्यार्थी हमखास चुकतात. तुम्हाला मेजर नाही हे आधीच ठरलेले असल्यामुळे चार शक्यतांपैकी एक बाद होते. उरलेल्या तिनांपैकी दोनांत तुम्ही वाहक ठरता. म्हणजे शक्यता दोन-तृतीयांश आहे, निम्मी नव्हे. अर्थात गणितावर थांबण्याची गरज नाही. एचपीएलसी या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ए-2 चे प्रमाण कळते आणि बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात ते साधारणपणे 3.5 टक्क्यांहून अधिक असते. वाहकाच्या तांबड्या पेशी लहान असतात, त्यामुळे पुष्कळदा लोहाची कमतरता समजून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात; तुमच्याबाबत तसे होऊ नये, यासाठी कौटुंबिक माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. विवाहापूर्वी जोडीदाराचीही तपासणी व्हावी. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण अधिक आहे, पण वाहक कोणत्याही समाजात असू शकतो.

प्रश्न : आईचा रक्तगट ‘ए’, बाबांचा ‘बी’ आणि माझा ‘ओ’. हे शक्य आहे का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : पूर्णपणे शक्य आहे. रक्तगट ठरवणाऱ्या, नवव्या गुणसूत्रावरील जनुकाचे ‘ए’ रूप एका विकराचा (एन्झाइमचा) संकेत देते, ‘बी’ रूप दुसऱ्या विकराचा. हे विकर तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील ‘एच’ नावाच्या घटकाला वेगवेगळी शर्करा जोडतात. ‘ओ’ रूपापासून काम करणारा विकर बनत नाही, म्हणूनच ते अप्रभावी ठरते. आईकडे ‘ए’ आणि ‘ओ’, बाबांकडे ‘बी’ आणि ‘ओ’ असतील, तर दोघांकडूनही ‘ओ’ येऊ शकतो.

आईवडिलांपैकी एकाचा गट ‘एबी’ असता, तर त्याच्याकडे द्यायला ‘ओ’ रूपच नसल्यामुळे मात्र अधिक चौकशी करावी लागली असती आणि त्या चौकशीत एका मुंबईकर शोधाची आठवण ठेवावी लागली असती. 1952 साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. या व्यक्तींत ‘एच’ घटकच बनत नाही, कारण त्याचे जनुक, जे एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे, दोन्ही प्रतींत निकामी असते. परिणामी ‘ए’ किंवा ‘बी’ चा विकर असूनही शर्करा जोडायला जागा मिळत नाही आणि नेहमीच्या तपासणीत गट ‘ओ’ दिसतो. अशा व्यक्तीला साधे ‘ओ’ रक्तही चालत नाही, त्यामुळे शंका असल्यास रक्तपेढीत ‘अँटी-एच’ चाचणी करून घ्यावी.