'विरळ रुंदपर्णी वने व काष्ठमय वनस्पती' आणि आपलं जंगल

श्रीलंकेच्या नकाशाच्या मराठी सूचीत हा शब्दप्रयोग आलाय, याला साधं 'जंगल' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

आज नाही चालणार. पण संस्कृतात अगदी चपखल बसला असता! 'जांगल' म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा प्रदेश. पाणथळ 'आनूप' देशाच्या नेमका उलट. चरकसंहितेत जांगल देशाला 'पर्याकाशभूयिष्ठ' म्हटलंय, म्हणजे जिथं चहूकडे आकाशच जास्त दिसतं. तिथल्या झाडांच्या यादीत खदिर (खैर), धव (धावडा), आमलकी (आवळा) आहेत. पुढे शब्दाचा अर्थ असा फिरला की आता जंगल म्हटलं की डोळ्यांपुढे किर्र झाडीच येते.

श्रीलंकेत दोन्ही प्रकार आहेत. नैऋत्येचं सिंहराजा वन हे सदाहरित, दाट. पूर्वेकडे आणि उवा प्रांतात मात्र उंच गवतात सुटी सुटी झाडं उभी असतात. कोरड्या दिवसांत गवत पेटतं आणि जाड सालीची झाडं तेवढी तगतात. कोणती? हिरडा, बेहडा, आवळा, कुंभा, बिबळा. अख्खा त्रिफळा एका रानात! सिंहलीत या रानाला 'दमन' किंवा 'तलावा' म्हणतात. (तलावाशी संबंध नाही, पाणी शोधू नका.) डोंगरावरचं गवताळ 'पतन' वेगळं, त्याला आपलं 'माळरान' पुरेसं आहे.

'विरळ' हे विशेषण मात्र योग्यच आहे. वनांच्या जागतिक मोजणीत झाडांच्या माथ्यांनी 10 ते 40 टक्के जमीन झाकली असेल तर ते विरळ वन, त्याहून जास्त असेल तर दाट, अशी विभागणी पूर्वी रूढ होती. 'रुंदपर्णी' हा सूचिपर्णीचा (पाइनसारख्या सुईपानी झाडांचा) जोडीदार, तोही ठीक; फक्त बोलण्यात गाळला तरी अडत नाही, कारण श्रीलंकेतला पाइन माणसानं लावलेला आहे.

खटकतं ते 'काष्ठमय'. 'मय'चा एक अर्थ त्याच द्रव्याचा बनलेला. वनस्पती काष्ठमय म्हटल्या की लाकडी खेळणी आठवतात. झाडं-झुडपं मिळून सांगायचं तर 'झाडझाडोरा' हा तयार शब्द आहे की.

म्हणून मी लिहीन: 'विरळ रान व झाडझाडोरा'. शास्त्रीय तक्ता असेल तर 'विरळ रुंदपर्णी वने व झाडझाडोरा'.