कॅनडात रेकॉर्ड सस्पेन्शनसाठी अर्ज केल्यावर निकाल यायला किती काळ लागतो?

रेकॉर्ड सस्पेन्शन म्हणजे जुन्या शिक्षेची नोंद इतर नोंदींपासून वेगळी काढून ठेवण्याचा आदेश. तुमच्या प्रश्नातील परिस्थिती मला अशी समजली आहे. २०१८ मध्ये अल्बर्टा प्रांतातील कॅलगरीत मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल तुम्हाला शिक्षा झाली, खटला समरी (म्हणजे कमी गंभीर गुन्ह्यांच्या) पद्धतीने चालला, दंडाचे हप्ते पाडून मिळाले आणि शेवटचा हप्ता तुम्ही २०२० मध्ये भरला. तीन वर्षांपूर्वी तुम्ही ओंटारियो प्रांतातील मिसिसॉगाला आलात, आता नव्या नोकरीसाठी पोलीस तपासणी होणार आहे आणि एक एजन्सी तुम्हाला तीन महिन्यांत काम करून देण्याचे आश्वासन देत आहे. ते आश्वासन खरे मानावे का आणि खरा कालावधी किती, असे तुम्ही विचारले आहे. ओंटारियोत राहून अशा अर्जांची कागदपत्रे जमवायला मी अनेकांना मदत केली आहे. मी वकील नाही, पण या प्रक्रियेत वेळ कुठे जातो हे मी जवळून पाहिले आहे.

रेकॉर्ड सस्पेन्शनचे निर्णय पॅरोल बोर्ड ऑफ कॅनडा ही संघीय संस्था घेते. समरी गुन्ह्याच्या अर्जासाठी बोर्डाने स्वतःला घालून घेतलेली मुदत ६ महिन्यांची आहे, इंडायटेबल (अधिक गंभीर) गुन्ह्यासाठी १२ महिन्यांची, आणि बोर्डाचा कल नकार देण्याकडे असेल तर ती २४ महिन्यांपर्यंत जाऊ शकते. मात्र ही मुदत तुम्ही पाकीट टपालात टाकता त्या दिवशी सुरू होत नाही. तुमचा अर्ज पात्र आणि परिपूर्ण आहे असे ठरवून बोर्ड तो स्वीकारते, तेव्हापासून ती मोजली जाते. एखादा कागद कमी असेल, एखादी तारीख उलटून गेली असेल किंवा प्रतीक्षाकाळ पुरा झालेला नसेल, तर अर्ज परत येतो आणि तोवरच्या दिवसांचा हिशेब कुठेच धरला जात नाही. 'आमचा अर्ज वर्षभर अडकला' असे जे लोक सांगतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचे वर्ष अर्ज स्वीकारला जाण्याआधीच गेलेले असते, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून बोर्डाच्या सहा महिन्यांची चिंता करण्यापेक्षा त्याआधीच्या तयारीकडे लक्ष द्या, कारण तेवढाच काळ तुमच्या हातात आहे.

सर्वांत आधी पात्रतेची तारीख पक्की करा. १३ मार्च २०१२ पासूनच्या नियमांनुसार समरी गुन्ह्यासाठी ५ वर्षे आणि इंडायटेबल गुन्ह्यासाठी १० वर्षे थांबावे लागते, आणि ही वर्षे शिक्षा सुनावल्याच्या दिवसापासून मोजायची नसून संपूर्ण शिक्षा भोगून झाल्याच्या दिवसापासून मोजायची असतात. कैद, प्रोबेशन, दंड, नुकसानभरपाई आणि दंडासोबत लावला जाणारा पीडित अधिभार हे सर्व शिक्षेतच धरले जाते. त्यामुळे तुमची पाच वर्षे २०१८ पासून नव्हे, तर २०२० मधील शेवटच्या हप्त्याच्या तारखेपासून सुरू होतात. अधिभाराची रक्कम दंडाबरोबर भरली होती की वेगळी राहून गेली होती, हे मुद्दाम तपासा. मूळ दंडाची पावती हाती आली की हिशेब संपला असे माणसाला वाटते आणि अधिभाराची छोटी रक्कम मागे राहते. मग ती भरली जाते त्या दिवसापासून पाच वर्षे नव्याने मोजावी लागतात. गाडी चालवण्यावरची बंदी मात्र या हिशेबात येत नाही, म्हणजे बंदी कधी उठली यावर तुमची पात्रता अवलंबून नाही.

खटला समरी पद्धतीने चालला असे तुम्ही आठवणीवरून लिहिले असेल, तर त्याचीही न्यायालयाच्या कागदावरून खात्री करा. हा गुन्हा दोन्ही पद्धतींनी चालवता येतो आणि प्रत्यक्षात कोणती पद्धत निवडली गेली यावर पाच की दहा वर्षे हे ठरते.

आता कागदपत्रांचा क्रम. पहिले पाऊल बोटांच्या ठशांचे आहे: स्थानिक पोलीस किंवा मान्यताप्राप्त ठसे घेणारी कंपनी ते आरसीएमपीकडे (कॅनडाच्या संघीय पोलीस दलाकडे) पाठवते आणि तिथून तुमच्या गुन्हेगारी नोंदीची प्रमाणित प्रत येते. ती हाती आल्यावर त्यात २०१८ ची शिक्षा दिसते का ते पाहा. एखादी शिक्षा त्या नोंदीत नसेल तर संबंधित न्यायालयाकडून तिचा वेगळा पुरावा आणावा लागतो. दुसरे पाऊल न्यायालयीन माहितीच्या फॉर्मचे. तो तुमच्या बाबतीत कॅलगरीच्या न्यायालयाकडून भरून घ्यावा लागेल, कारण खटला कसा चालला आणि सर्व रकमा केव्हा फिटल्या हे तेच न्यायालय सांगू शकते. त्यासाठी अल्बर्टाला जाण्याची गरज सहसा पडत नाही, पण टपालाने किंवा ईमेलने विचारणा करायची असल्याने उत्तराची वाट पाहावी लागते. या एका कागदासाठी जितका वेळ हाताशी ठेवाल तितका कमीच, असे मी प्रत्येकाला सांगते.

स्थानिक पोलिसांची तपासणी सर्वांत शेवटी करा. गेल्या पाच वर्षांत तुम्ही जिथे जिथे राहिलात, त्या प्रत्येक ठिकाणच्या पोलिसांकडून स्वतंत्र फॉर्म भरून घ्यावा लागतो. म्हणजे तुम्हाला कॅलगरीचा एक आणि मिसिसॉगासाठी पील विभागाच्या पोलिसांचा एक, असे दोन फॉर्म लागतील. हा फॉर्म सहा महिनेच ग्राह्य राहतो. तो आधी घेऊन ठेवला आणि न्यायालयाचा कागद उशिरा आला, तर फॉर्म शिळा होतो, पुन्हा शुल्क भरावे लागते आणि पुन्हा थांबावे लागते. हे टाळणे अगदी सोपे आहे आणि तरीही पुष्कळ जण इथेच महिने घालवतात, याचे मला वाईट वाटते. याशिवाय ओळखपत्राची प्रत लागते, आणि जन्म कॅनडाबाहेरचा असल्यास नागरिकत्वाचे किंवा पीआरचे (कायम वास्तव्याचे) कागद जोडावे लागतात. अर्जदार नागरिकच असला पाहिजे अशी अट नाही. कॅनडाच्या लष्करात काम केलेल्यांना आणखी एक प्रमाणपत्र लागते. तुमचा त्याच्याशी संबंध दिसत नाही.

शुल्काबद्दल तुमच्या मनात जुना आकडा असावा. पूर्वी हे शुल्क सहाशे डॉलरच्या वर होते. १ जानेवारी २०२२ पासून ते ५० डॉलरवर आणले गेले आणि नंतर महागाईनुसार त्यात किरकोळ बदल होत असतात, म्हणून भरताना बोर्डाच्या संकेतस्थळावरील ताजी रक्कम पाहा. ठसे, न्यायालय आणि पोलीस यांचे शुल्क वेगळे असते.

यावरून एजन्सीच्या आश्वासनाचा विचार करा. कोणत्याही खासगी संस्थेला बोर्डाकडे वेगळी रांग नाही, आणि तिच्यामार्फत आलेला अर्ज आधी तपासला जात नाही. ती फार तर कागद जमवून देईल, आणि ज्याला फॉर्म वाचणे किंवा पाठपुरावा करणे खरोखर जमत नाही त्याने त्या श्रमाचे पैसे दिले तर मी चूक म्हणणार नाही. परंतु तीन महिन्यांत निकाल मिळवून देणे तिच्या अधिकारातच नाही, आणि जी संस्था पहिल्याच भेटीत असे सांगते तिच्या हाती आपली कागदपत्रे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्यासारख्या एकाच शिक्षेच्या प्रकरणात अर्ज स्वतः भरणे पूर्णपणे शक्य आहे.

अर्ज स्वीकारल्यानंतर बोर्ड तुमच्या वर्तणुकीची चौकशी करते. समरी गुन्ह्यात प्रतीक्षाकाळातली चांगली वर्तणूक हा निकष असतो. इंडायटेबल गुन्ह्यात याखेरीज या आदेशाने अर्जदाराला ठोस फायदा होईल आणि त्याचे पुनर्वसन टिकून राहील, हेही दाखवावे लागते. चौकशीत शिक्षा न झालेल्या प्रकरणांची माहितीही बोर्डासमोर येऊ शकते. म्हणून मधल्या काळात पोलिसांशी काही संबंध आला असेल, तर तो लपवू नका. खोटी माहिती देऊन मिळवलेला आदेश पुढे रद्द होऊ शकतो. बोर्ड नकाराच्या विचारात असेल तर तुम्हाला आधी लेखी कळवून बाजू मांडण्याची संधी दिली जाते, आणि नकार कायम राहिला तरी एका वर्षानंतर पुन्हा अर्ज करता येतो.

अमेरिकेतील बहिणीकडे जाण्याचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, पण तो महत्त्वाचा आहे. रेकॉर्ड सस्पेन्शनने नोंद नष्ट होत नाही. ती केंद्रीय पोलीस यंत्रणेतील इतर नोंदींपासून वेगळी काढून ठेवली जाते. हा आदेश अमेरिकेच्या सीमेवर बंधनकारक नाही, आणि तिथल्या अधिकाऱ्यांकडे तुमची जुनी नोंद आधीच पोहोचलेली असू शकते. म्हणून त्या प्रवासाचा प्रश्न या अर्जात मिसळू नका. त्यासाठी अमेरिकेचे नियम स्वतंत्रपणे पाहा.

नोकरीच्या बाबतीत घाई समजण्यासारखी आहे, पण तुमची पोलीस तपासणी येत्या काही आठवड्यांत असेल तर तोवर आदेश मिळणार नाही, हे गृहीत धरून चाला. आदेश मिळाल्यावर ओंटारियोचा मानवी हक्क कायदा अशा माफ झालेल्या शिक्षेवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करतो, आणि संघीय कायदाही त्याच्या कक्षेतील नोकऱ्यांमध्ये हेच संरक्षण देतो. आदेश येईपर्यंत मात्र मालकाने शिक्षेबद्दल विचारले तर खरे उत्तर द्या, आणि अर्ज दाखल झालेला असेल तर तेही सांगा. ठसे देण्याचे काम तुम्ही याच आठवड्यात करू शकता, कारण त्यानंतरचे सर्व काही त्या नोंदीवर अवलंबून आहे.