सुई मध्यावर, विमान मात्र भलतीकडे

छोट्या खासगी विमानांच्या इन्स्ट्रुमेंट अप्रोचबद्दल, म्हणजे बाहेरचं न दिसता यंत्रं बघून धावपट्टीकडे उतरण्याबद्दल, वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एक इंजिन, एकच पायलट आणि फार तर साधा ऑटोपायलट, असं गृहीत धरून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आयएलएस (रेडिओ किरणांवरून धावपट्टीकडे नेणारी व्यवस्था) अप्रोचवर डावं-उजवं दाखवणारी सुई मध्यावर होती, पण उतार दाखवणारा ग्लाइडस्लोप शेवटपर्यंत हललाच नाही. अखेर शिक्षकांनी विमान हातात घेतलं. यंत्र बिघडलं असेल का?
– वाचक, न्यू जर्सी

बिघाडापेक्षा दुसरी शक्यता जास्त आहे : सीडीआय, म्हणजे ही सुई असलेला दर्शक, जीपीएसवरच राहिला असणार. गार्मिन ४३० किंवा ५३० हे जीपीएस-रेडिओ यंत्र असलेल्या विमानात सुईला माहिती जीपीएसकडून मिळतेय की आयएलएसच्या रिसिव्हरकडून, हे सीडीआयच्या बटणावर ठरतं. आयएलएसची रेषा जीपीएसमध्येही भरलेली असते. त्यामुळे सुई शहाण्यासारखी मध्यावर येते आणि पायलटला शंकाच येत नाही. ग्लाइडस्लोप तेवढा मुका राहतो. तो का हलत नाही याचा शोध घेण्यात दोन मैल निघून जातात.

क्रम पाठ असू द्या. फ्रिक्वेन्सी स्टँडबायमधून ॲक्टिव्हमध्ये आणा. मोर्स ऐकून स्टेशनची खात्री करा. सीडीआय व्हीएलओसीवर (रेडिओ रिसिव्हरवर) घ्या, ओबीएसवर (कोर्स लावायच्या खुंटीवर) इनबाउंड कोर्स, म्हणजे धावपट्टीकडे नेणारी दिशा, लावा. मग ग्लाइडस्लोपचा झेंडा (सिग्नल नसल्याची खूण) गेला का ते पाहा. काही विमानांत स्रोत आपोआप बदलतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये. हे सगळं धावपट्टीपासून दहा-पंधरा मैल दूर असतानाच उरकायचं. लोकलायझर (धावपट्टीच्या रेषेत नेणारा किरण) पकडायची वेळ आणि बटणं दाबायची वेळ एकच झाली, की विमान पुढे आणि पायलट मागे.

आणखी एक. ग्लाइडस्लोप नेहमी खालून पकडा. तीन अंशांच्या किरणासोबत नऊ अंशांच्या आसपास एक खोटी वाटही असते आणि उंचावरून घाईने खाली येणारा तिच्यात अडकू शकतो. फायनल अप्रोच फिक्सवर (शेवटचा उतार सुरू होतो त्या ठरलेल्या बिंदूवर) किती उंची हवी ते चार्टवर छापलेलं असतं. तिथून जाताना अल्टिमीटरशी (उंचीच्या काट्याशी) ताडून पाहिलं, तर हा घोळ तिथेच उघडा पडतो.

प्रश्न : शेवटच्या दोन मैलांत सुया हातात राहत नाहीत. वेगही पडतो.
– वाचक, टेक्सास

लोकलायझरचा किरण कोनात पसरतो. सुई पूर्ण एका बाजूला गेली, तर पाच मैलांवर तुम्ही जितके बाजूला असता त्याच्या साधारण चौथा हिस्साच धावपट्टीच्या कडेपाशी असता. तिथे ते अंतर जेमतेम ३५० फूट असतं. दूरवर पाच अंशांची दुरुस्ती योग्य ठरते, जवळ तीच सुईला पलीकडे फेकते. तेव्हा आत आल्यावर दोन अंश पुरेत, आणि सुईकडे नव्हे, हेडिंगकडे (विमानाच्या नाकाच्या दिशेकडे) बघून उडवा.

उतरण्याच्या दराचं गणित सोपं आहे : जमिनीवरचा वेग नॉट्समध्ये घ्या आणि पाचाने गुणा. ९० नॉट्सला मिनिटाला ४५० फूट. काटेकोर हिशेबाने ४८० च्या जवळपास. समोरून २० नॉट्स वारा असेल, तर तोच आकडा ३५०-३७० वर येतो. तुमच्या विमानाला यासाठी किती आरपीएम आणि किती फ्लॅप लागतात, ते स्वच्छ हवेत काढून वहीत लिहून ठेवा.

वेग पडतो त्याचं कारण बहुधा असं : विमान ग्लाइडस्लोपच्या खाली गेलं, तुम्ही नाक वर ओढलंत, पण थ्रॉटलला हात लावला नाही. ऑटोपायलट लावला असेल तर धोका जास्तच. छोट्या विमानात ऑटोथ्रॉटल नसतो. पॉवर कमी पडली तर ऑटोपायलट उंची टिकवण्यासाठी निमूटपणे नाक वर ट्रिम करत राहतो, थेट स्टॉलपर्यंत, म्हणजे पंखांची उचल तुटेपर्यंत. २५ ऑक्टोबर २००२ रोजी मिनेसोटातल्या एव्हलेथ इथे सिनेटर पॉल वेलस्टोन यांचं किंग एअर विमान व्हीओआर या रेडिओ स्टेशनवरून केलेल्या अप्रोचवर कोसळलं आणि आठही जण गेले. ते चार्टर विमान होतं, कॉकपिटमध्ये दोन पायलट होते. तरीही अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या संस्थेने कारण नोंदवलं ते हेच : पुरेसा वेग राखला गेला नाही आणि विमान स्टॉल झालं. दोघांचं लक्ष सुटू शकतं, तर एकट्याने हवेच्या वेगाचा काटा दर दोन-तीन सेकंदांनी पाहायलाच हवा.

प्रश्न : क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा हवेचा दाब) दहाने चुकला तर खरंच एवढं बिघडतं?
– प्रशिक्षणार्थी, धुळे

हो. एक हेक्टोपास्कल म्हणजे २७ ते ३० फूट. पावसाळ्यात मुंबईचा क्यूएनएच १००३ च्या आसपास असणं नेहमीचं. फ्लाइट लेव्हलवरून (तिथे सगळेच १०१३ लावतात) उतरताना १०१३ तसाच राहिला, तर अल्टिमीटर २८० फुटांच्या आसपास जास्त दाखवतो, म्हणजे तुम्ही तेवढे खाली असता. ग्लाइडस्लोप नसलेल्या अप्रोचमध्ये एमडीए (धावपट्टी दिसल्याशिवाय जिच्याखाली जायचं नाही ती उंची) आणि अडथळा यांच्यात साधारण २५० फुटांचीच फट राखलेली असते. ती सगळी संपली.

क्यूएनएच ऐकला की परत बोलून दाखवा, लावा आणि फायनल फिक्सच्या आधी पुन्हा पाहा. ग्लाइडस्लोप नसलेल्या अप्रोचवर पायऱ्यापायऱ्यांनी धपकन उतरू नका. फिक्सपासून मिस्ड अप्रोच पॉइंटपर्यंत (धावपट्टी न दिसल्यास उतरणं सोडून वर जायचं त्या बिंदूपर्यंत) पाच मैल आणि १६०० फूट असतील तर मैलामागे ३२० फूट, ९० नॉट्सला मिनिटाला ४८०. एकसारखा उतार धरा आणि एमडीएच्या ५० फूट वरच निर्णय घ्या, म्हणजे वर उचलताना विमान एमडीएच्या खाली दबणार नाही.

प्रश्न : डिसिजन अल्टिट्यूडला (उतरायचं की वर जायचं ते ठरवायच्या उंचीला) दिवे अंधुक दिसले, तर थोडं खाली जाऊन बघावं का?
– वाचक, कॅलिफोर्निया

‘थोडं’ला नियमात जागा नाही. अमेरिकेच्या नियमांनुसार लागणारी दृश्यता असेल आणि फक्त अप्रोच लाइट्स दिसत असतील, तर टचडाउन झोनच्या (चाकं टेकतात त्या भागाच्या) १०० फूट वरपर्यंतच जाता येतं. त्याखाली जायला त्या दिव्यांतले लाल पट्टे किंवा खुद्द धावपट्टीच्या खुणा दिसायला हव्यात. काहीच दिसत नसेल तर मिस्ड अप्रोच.

तिथेही चुकायला भरपूर वाव आहे. पूर्ण पॉवर दिली की वेग वाढतो आणि ढगात कान सांगतात की नाक फार वर गेलंय. हा निव्वळ भास. त्याला भुलून नाक खाली दाबणारे जमिनीवर आदळले आहेत. ॲटिट्यूड इंडिकेटरवर ठरलेला कोन धरा, चढ सुरू झाल्याची खात्री करा, मग फ्लॅप टप्प्याटप्प्याने आत घ्या. जीपीएस आणि रेडिओ त्यानंतर. जुन्या गार्मिनवर मिस्ड अप्रोच पॉइंटला क्रम थांबतो, तो ओबीएस बटणाने पुढे सरकवावा लागतो. पण हे हजार फूट वर गेल्यावर केलं तरी चालतं. अप्रोच लवकर सोडला, तर चढ लगेच सुरू करा, मात्र वळण मिस्ड अप्रोच पॉइंट ओलांडल्यावरच घ्या.

प्रश्न : धावपट्टी दिसली की सुटलो ना?
– वाचक, मुंबई

मुंबईकरांनी हे विचारावं! १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ विमानतळ समजून जुहूच्या विमानतळावर उतरलं. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशा जवळपास एकच. म्हणून दिसल्यावरही लोकलायझर लावलेलाच ठेवा आणि सुई समोरच्या धावपट्टीला दुजोरा देतेय का ते पाहा. शिवाय २०० फुटांवर ढगातून बाहेर आलात, तरी धावपट्टीची कड अजून साडेआठशे मीटरच्या आसपास पुढे असते. पट्टी दिसताच नाक खाली घालून तिच्याकडे झेपावण्याची सवय रात्री झाडांत नेते. ग्लाइडस्लोप पाळत राहा.

प्रश्न : यंत्रांवर उडत राहायला अमेरिकेत सराव किती लागतो?
– वाचक, शिकागो

मागच्या सहा महिन्यांत सहा अप्रोच, होल्डिंग (ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबणं) आणि कोर्स पकडून तो धरून जाणं. मान्यताप्राप्त सिम्युलेटर चालतो, घरचा संगणक नाही. ही मुदत हुकली तर पुढच्या सहा महिन्यांत बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट सोबत घेऊन हुडखाली (बाहेरचं दिसू न देणारी झापड लावून) हाच सराव भरून काढता येतो. त्यानंतर मात्र परीक्षकासोबत किंवा इन्स्ट्रुमेंट शिकवणाऱ्या प्रशिक्षकासोबत प्रवीणता चाचणी द्यावी लागते. आमच्या मते त्या सहांपैकी निदान दोन मिस्ड अप्रोचपर्यंत न्यावेत आणि एक ऑटोपायलट बंद ठेवून करावा.