अमेरिकेत कंट्री संगीत (दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतून आलेली गाणी) आणि सैन्य यांचं एवढं गूळपीठ का? ही गाणी म्हणजे सरकारी प्रचारच ना?

प्रचार आहेच, आणि त्याचे पैसे खुद्द सरकारने मोजलेत. १९५० च्या दशकात अमेरिकन लष्कराच्या भरती खात्याने कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलमध्ये 'कंट्री स्टाइल, यू.एस.ए.' नावाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे कार्यक्रम बनवून घेतले आणि देशभरच्या रेडिओ-टीव्ही स्टेशनांना पाठवले. चार गाणी, थोडी थट्टामस्करी आणि मध्येच भरतीचं आवाहन. फॅरन यंग हा गायक १९५२ मध्ये सक्तीच्या भरतीत सापडला. त्याचं नाव नुकतंच होऊ लागलं होतं. लष्कराने त्याला गाण्याच्याच कामाला लावलं आणि भरतीच्या कार्यक्रमांतही त्याचा आवाज वापरला.

पण नुसत्या प्रचारावर हे नातं इतकी वर्षं टिकलं नसतं. मुळात ऐकणारे आणि लढणारे एकाच मुलखातले. आजही अमेरिकन सैन्यात नव्याने भरती होणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त पोरं दक्षिणेकडच्या राज्यांतली असतात. शेती परवडत नाही, कॉलेजची फी झेपत नाही, गावात कारखाना होता तो बंद पडला. मग उरते फौज. साताऱ्याकडच्या माणसाला हे गणित वेगळं समजावून सांगायला नको. मी काही वर्षं नोकरीसाठी नॅशव्हिलला होतो. तिथून १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचा फोर्ट कॅम्पबेल तळ गाडीने तासाभरावर. शनिवारी रात्री नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या बारमध्ये बारीक केस कापलेल्या पोरांची टोळकी दिसायची, आणि गायक गाणं थांबवून विचारायचा, फौजेतलं कोण कोण आलंय? हात वर झाले की टाळ्या. मला पहिल्यांदा ते नाटकी वाटलं. पुढे कळलं, विचारणाऱ्याचा भाऊ किंवा मेहुणाही बऱ्याचदा फौजेतच असतो.

दुसऱ्या महायुद्धाने हे संगीत दक्षिणेबाहेर नेलं. १९४१-४२ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या गाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाचे कलाकार एका सिगारेट कंपनीच्या खर्चाने छावण्या-छावण्यांतून गात फिरले. न्यूयॉर्क-शिकागोची पोरं टेनेसी-टेक्ससच्या पोरांशेजारच्या खाटेवर झोपली आणि हे 'गावंढळ' संगीत त्यांच्याही कानात बसलं. पुढे तळ जर्मनीत, जपानात गेले, तसं तेही गेलं.

उलटा, फौजेतून संगीताकडे प्रवासही झाला. पुढे कंट्रीचा मोठा गायक झालेला जॉनी कॅश १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलात होता. जर्मनीतल्या लँड्सबर्गला बसून रशियन मोर्स संदेश टिपणं हे त्याचं काम. तिथेच त्याने स्वस्तातली एक गिटार घेतली आणि बराकीतल्या मित्रांबरोबर बँड काढला. जॉर्ज स्ट्रेट हा गायक हवाई बेटांवरच्या लष्करी तळावर असताना लष्कराच्याच बँडमध्ये गायला लागला. गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसन तर हवाई दलातल्या जनरलचा मुलगा, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेला, स्वतः हेलिकॉप्टर चालवणारा कॅप्टन. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी साहित्य शिकवायची नेमणूक हाती असताना १९६५ मध्ये त्याने फौज सोडली आणि नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत झाडू मारायला लागला. घरच्यांनी नाव टाकलं. हाच माणूस १९८० च्या दशकात मध्य अमेरिकेतल्या अमेरिकन हस्तक्षेपाविरुद्ध गात होता. त्यामुळे फौजी म्हणजे सरकारचा होयबा, हा हिशेब इथे चालत नाही.

आता गाण्यांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. झेंडा आणि बॉम्बची गाणी गाजतात, पण माझ्या मते ती दुय्यम. टोबी कीथचं २००२ चं संतापलेलं गाणं घ्या. त्याचे वडील सैन्यातून परतलेले, मार्च २००१ मध्ये अपघातात गेले, आणि सहाच महिन्यांत न्यूयॉर्कचे मनोरे पडले. ते सगळं त्यात उतरलंय. राग खराच आहे, पण गाणं रागापलीकडे जात नाही. या परंपरेचा कणा आहे पत्र. १९४४ मध्ये अर्नेस्ट टबचं गाजलेलं गाणं आईला आलेल्या शेवटच्या पत्राचं. १९६८ मध्ये जॅन हॉवर्ड या गायिकेने व्हिएतनाममधल्या मुलाला, जिमीला, लिहिलेलं पत्रच रेकॉर्ड केलं. त्यानंतर थोड्याच काळात जिमी मारला गेला. त्यात युद्ध बरोबर की चूक याचा शब्द नाही, फक्त तू परत ये.

या पत्रांच्या गाण्यावरच पुढे सगळ्यात मोठं रामायण घडलं. 'ट्रॅव्हलिन सोल्जर' हे डिक्सी चिक्स या बायकांच्या बँडचं गाणं. व्हिएतनामला निघालेला एक पोरगा, पत्र लिहायला घरचं कुणी नाही, म्हणून कॅफेत काम करणाऱ्या अनोळखी मुलीला विचारतो, तुला लिहू का? शेवटी गावातल्या फुटबॉल सामन्याआधी मेलेल्यांची नावं वाचतात, त्यात त्याचं नाव. रडणारी ती एकटीच. मार्च २००३ मध्ये हे गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच महिन्यात लंडनच्या कार्यक्रमात चिक्सची गायिका नॅटली मेन्स म्हणाली, की राष्ट्राध्यक्ष आमच्या टेक्ससचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. इराकवर हल्ला अवघ्या काही दिवसांवर होता. रेडिओवाल्यांनी गाणी बंद केली, लुइझियानात लोकांनी सीडी ट्रॅक्टरखाली चिरडल्या, आणि सैनिकाच्या मरणावरचं त्या वर्षीचं सगळ्यात चांगलं गाणं सैनिकांच्या सन्मानासाठी म्हणून हवेतून उतरवलं गेलं! त्यातला विनोद तेव्हा कुणाला दिसला नसावा. प्रचार म्हणायचाच असेल तर तो मला इथे दिसतो, गाण्यात नाही. काय वाजू द्यायचं हे ठरवणाऱ्यांत.

लिहिणारे मात्र थांबले नाहीत. २००६ मध्ये अफगाणिस्तानात जखमी साथीदाराला वाचवताना जॅरेड मॉन्टी हा सार्जंट मेला. त्याचे वडील त्याचा पिकअप ट्रक चालवत राहिले, आणि का चालवतो हे त्यांनी एका रेडिओ मुलाखतीत सांगितलं. गाडी चालवताना ती मुलाखत ऐकणाऱ्या एका गीतकार बाईने दोन सहकाऱ्यांबरोबर त्यावर गाणं रचलं. ली ब्राइसने गायलं, आणि २०१३ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातलं सर्वोत्तम गीत ठरवलं. त्या गाण्यात ना शत्रू आहे, ना लढाई. ट्रकमधल्या मुलाच्या वस्तू आहेत, आणि जोरात गाडी हाणणारा माणूस.

ऐकायला सुरुवात करायची तर आधी अर्नेस्ट टब, मग चिक्स, मग हे ट्रकवालं. टोबी कीथ मुद्दाम शोधायची गरज नाही. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तिथल्या कुठल्याही गावात असलात, तर तो तुम्हाला शोधत येईल.