मॉडेल तेच, डेटा तोच, मग अल्फा-बीटा दर वेळी वेगळे का येतात?

तुम्ही विचारलंय की दोन बटणांतून एक निवडायच्या खेळाचा डेटा आहे, माणशी 40 चाली. त्यावर रेस्कोर्ला-वॅग्नरचं 1972 चं शिकण्याचं सूत्र (प्रत्येक बक्षिसानंतर बटणाची किंमत किती बदलते ते अल्फा ठरवतो) आणि सॉफ्टमॅक्स (किमतींवरून निवडीची शक्यता काढणारं सूत्र; जास्त किमतीचं बटण किती ठामपणे निवडलं जातं ते बीटा ठरवतो) बसवता, पण प्रोग्राम पुन्हा चालवला की आकडे बदलतात. कोड चुकलाय का?

कोड बहुधा बरोबरच आहे. कागद घ्या. दोन्ही बटणांची किंमत, म्हणजे त्यांच्याकडून असलेली बक्षिसाची अपेक्षा, 0 धरा, एकावर बक्षीस 1 मिळालं. अल्फा 0.1 आणि बीटा 10 असलेला माणूस तेच बटण पुन्हा दाबेल याची शक्यता 73 टक्के. अल्फा 0.5 आणि बीटा 2 वाल्याचीही 73 टक्केच. एक सावकाश शिकतो पण शिकलेलं घट्ट धरतो, दुसरा पटकन शिकतो पण चंचल. वागणं मात्र सारखं. आणखी एक बक्षीस मिळालं तर 87 आणि 82. एवढा फरक 40 चालींत कुठे दिसणार? अल्फा-बीटाच्या कितीतरी जोड्या डेटाला जवळजवळ सारख्याच बसतात, उत्तरांची एक लांब, सपाट घळ तयार होते आणि प्रोग्राम जिथून निघाला त्याच्या आसपास थांबतो.

इथे इंदुरात रामबागेतल्या ज्येष्ठांकडून मी हाच खेळ खेळवून घेतला होता. आत्याचा अल्फा 0.05 आला आणि मी तिला 'सावकाश शिकणारी' लिहून मोकळी झाले. नंतर अल्फा 0.4 ठेवून कॉम्प्युटरवर खोटे खेळाडू बनवले, 40-40 चाली खेळवल्या, आणि त्या चालींवर मॉडेल पुन्हा फिट केलं, म्हणजे चालींवरून अल्फा परत काढला. कुणाचा 0.1 आला, कुणाचा 0.9. मग पोहे-जिरावण खाता खाता आत्यालाच विचारलं. ती म्हणाली, "अगं, एकदा धरलेलं बटण सोडायचं कशाला?" ही तिची सवय होती, आणि माझ्या मॉडेलात सवयीला जागाच नव्हती, म्हणून ती अल्फात जाऊन बसली. त्या आकड्यावरून मी तिच्या बुद्धीबद्दल मत बनवलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून खऱ्या माणसांआधी खोटे खेळाडू. सुरुवातीचे बिंदू बरेच घ्या, आधीची निवड पुन्हा करण्याच्या सवयीसाठी अल्फा-बीटासारखाच आणखी एक आकडा (पॅरामीटर) मॉडेलात घाला. सगळ्यांना एकत्र धरून हायरार्किकल पद्धतीनं फिट केलं तर आकडे स्थिरावतात, पण प्रत्येकाचा आकडा गटाच्या सरासरीकडे ओढला जातो. एकेका माणसाबद्दल बोलायचं असेल तर जपून. डेटा अजून गोळा करणार असाल तर चाली वाढवा आणि मध्येच बक्षिसाची बाजू पलटवा. पलटल्यावर कोण किती चालींत वळतं, अल्फा तिथे दिसतो.